क्रमशः वाचताना: ‘डॉक्टर हू मॅगझिन’मधली कॉमिक स्ट्रिप कशी फॉलो करायची

माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुन्या मासिकांच्या गठ्ठ्यात मला १९८४ सालचा एक इंग्लिश अंक मिळाला होता, कव्हर अर्धं निघालेलं, पिना गंजलेल्या, आणि आत काळीपांढरी चित्रं. एक माणूस जहाजाच्या चाकाला बांधलाय आणि ते जहाज जगाच्या कडेवरून खाली कोसळणाऱ्या समुद्राकडे चाललंय. बारीक बारीक रेघांनी काढलेलं पाणी, इतकं की मी ते पान दिव्याखाली धरून बघत बसले होते. मग भाग संपला, आणि पुढचा अंक काही त्या गठ्ठ्यात नव्हता. तो पुढचा भाग हातात यायला मला अकरा वर्षं लागली. ती अकरा वर्षं ते जहाज माझ्या डोक्यात त्या कडेवरच उभं होतं, आणि आज तीच गोष्ट एकत्र छापलेल्या पुस्तकात एका दुपारी वाचून होते तरी मी लोकांना सांगते की शक्य असेल तिथे हप्त्याहप्त्याने वाचा, कारण ही गोष्ट तशी वाचण्यासाठीच रचलेली असते.

तर हा लेख त्यासाठीच आहे. फॅन मासिकात क्रमशः येणारी सायन्स फिक्शन कॉमिक स्ट्रिप नेमकी कशी फॉलो करायची, कुठून सुरू करायची, नोंदी कशा ठेवायच्या, मधल्या थांबण्याचं काय करायचं. उदाहरण म्हणून मी ‘डॉक्टर हू मॅगझिन’चीच स्ट्रिप घेतलीय कारण ती मला आतून बाहेरून माहिती आहे, पण पद्धत कुठल्याही क्रमशः कॉमिकला चालते.

आधी थोडं हे काय आहे ते

डॉक्टर हू ही बीबीसीची मालिका, १९६३ पासूनची. डॉक्टर म्हणजे निळ्या पोलीस बॉक्ससारख्या दिसणाऱ्या यानातून काळात आणि अवकाशात फिरणारा परग्रहवासी, मरायला टेकला की त्याचं शरीर बदलतं आणि नवा नट येतो, ह्याला रीजनरेशन म्हणतात, आणि म्हणून पाचवा डॉक्टर, आठवा डॉक्टर असं मोजतात. एवढं माहीत असलं की स्ट्रिप वाचायला पुरतं, सगळी मालिका आधी बघून या असं मी कुणालाच सांगत नाही.

डॉक्टरची कॉमिक्स १९६४ पासूनच ‘टीव्ही कॉमिक’ नावाच्या साप्ताहिकात येत होती. पण आपण ज्या स्ट्रिपबद्दल बोलतोय ती सुरू झाली ऑक्टोबर १९७९ मध्ये, मार्व्हलच्या ब्रिटिश शाखेने ‘डॉक्टर हू वीकली’ काढलं तेव्हा. संपादक डेझ स्किन. पहिली गोष्ट ‘द आयर्न लीजन’, लिहिणारे पॅट मिल्स आणि जॉन वॅगनर, चित्रं डेव्ह गिबन्सची. रोमन साम्राज्य कधी पडलंच नाही अशी एक वेगळी पृथ्वी आणि तिथले यंत्रमानव सैनिक घुसतात ते एका साध्या इंग्लिश खेड्यात. आठ आठवडे चालली ती. ४४ व्या अंकापासून, म्हणजे सप्टेंबर १९८० पासून, साप्ताहिकाचं मासिक झालं, १९९५ मध्ये मार्व्हलची ती शाखा पानिनी ह्या प्रकाशनाकडे गेली, आणि आता गेली कित्येक वर्षं दर चार आठवड्यांनी एक असे वर्षाला १३ अंक निघतात. मासिकात मुलाखती, लेख, वाचकांची पत्रं असं सगळं असतं आणि त्यात काही पानं ही स्ट्रिप.

ह्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगते. टीव्हीवरची मालिका १९८९ मध्ये बंद पडली आणि २००५ मध्ये परत आली, मधे १९९६ चा एक टीव्ही चित्रपट सोडला तर पडद्यावर नवी मालिका नव्हती. त्या सगळ्या वर्षांत मासिक निघत राहिलं आणि स्ट्रिप येत राहिली. म्हणजे ज्या काळात डॉक्टरला टीव्हीवर घर नव्हतं त्या काळात तो ह्या चित्रांमध्ये राहत होता, आणि वाचक दर महिन्याला जाऊन त्याला भेटत होते.

पहिली पायरी: कुठून शिरायचं ते ठरवा

इथेच बहुतेक जण अडकतात. चाळीसहून जास्त वर्षांचं साहित्य आहे म्हटल्यावर माणूस म्हणतो पहिल्यापासून वाचू, आणि मग तिसऱ्या गोष्टीलाच दमतो. माझ्या मते तीन दरवाजे आहेत.

एक, सरळ चालू अंक. आज जी गोष्ट चालू आहे तिचा पहिला भाग ज्या अंकात आला तो अंक शोधायचा आणि तिथून पुढे जायचं. चौथ्या भागापासून सुरू करू नका, अंकात मागच्या भागाचा सारांश असतो पण सारांशाने कथानक कळतं, चित्रकाराने पहिल्या पानावर काय पेरलं ते कळत नाही. चालू गोष्ट अर्ध्यात असेल तर ती संपू द्या, नव्या गोष्टीची वाट बघा, एखाददोन महिने गेले तर जाऊ देत.

दोन, आठव्या डॉक्टरचा काळ. नवीन माणसाला मी नेहमी हाच दरवाजा दाखवते. पॉल मॅकगॅनने केलेला हा डॉक्टर १९९६ च्या त्या एका चित्रपटात दिसला आणि पडद्यावरून गेला, पण स्ट्रिपमध्ये तो १९९६ ते २००५ असा जवळजवळ नऊ वर्षं सलग राहिला. ‘एंडगेम’पासून ‘द फ्लड’पर्यंत. लेखक ॲलन बार्न्स, मग स्कॉट ग्रे, चित्रकार मुख्यतः मार्टिन गेराटी. त्याची साथीदार इझी सिंक्लेअर ही खुद्द सायन्स फिक्शनची वेडी पोरगी, आपल्यातलीच. टीव्हीचं बंधन नसल्यामुळे त्यांनी पात्रांना वाढू दिलं, बदलू दिलं, आणि एका मोठ्या कादंबरीसारखं ते वाचता येतं. चार एकत्रित पुस्तकं आहेत: ‘एंडगेम’, ‘द ग्लोरियस डेड’, ‘ऑब्लिव्हियन’, ‘द फ्लड’. ह्याच क्रमाने वाचायची, उलटसुलट अजिबात नको.

तीन, १९७९. ज्यांना कॉमिक्सची कला म्हणून आवड आहे त्यांनी इथूनच शिरावं. १९७९ ते १९८२ मुख्य स्ट्रिपची बहुतेक सगळी चित्रं डेव्ह गिबन्सची आहेत, पुढे ‘वॉचमेन’ हे गाजलेलं कॉमिक काढून जगभर नाव झालं तोच. मागच्या पानांवर छोट्या गोष्टी असायच्या, डॉक्टर नसलेल्या, त्यातल्या काही ‘वॉचमेन’च्याच लेखकाने, ॲलन मूरने लिहिल्यात, तो नवखा होता तेव्हाच्या. आठवड्याला मोजकी पानं, त्यामुळे प्रत्येक भागात काहीतरी घडायलाच लागायचं आणि शेवटी काहीतरी लटकत ठेवायलाच लागायचं. वेग बघून थक्क व्हायला होतं.

दुसरी पायरी: मिळवायचं कसं

तीन मार्ग आहेत, कागदी अंक, डिजिटल अंक आणि एकत्रित पुस्तकं.

भारतात राहणाऱ्यांना चालू अंकासाठी डिजिटलच सोयीचं, कारण कागदी अंक इंग्लंडहून यायला वेळ लागतो आणि टपालखर्च अंकाच्या किमतीच्या वर जातो. पण डिजिटल घेतलं तर मोठ्या स्क्रीनवर बघा, टॅब किंवा लॅपटॉप. फोनवर एकेक चौकट मोठी करून वाचलं तर पानाची रचनाच दिसत नाही. पान उलटल्यावर समोर काय येणार हे चित्रकाराने ठरवलेलं असतं, धक्का देणारी चौकट शक्यतो पान उलटल्यावर ठेवलेली असते, फोनवर तो धक्का वाया जातो.

इंग्लंडात, अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या लोकांना कागदी वर्गणी सोपी. माझी मावसबहीण लेस्टरला असते, ती वर्षाचे अंक जमवून ठेवते आणि कुणी येणार असेल त्याच्याबरोबर पाठवते, त्यामुळे माझ्याकडे कागदी अंक सहा-सात महिन्यांनी गठ्ठ्याने येतात. मग चालू गोष्ट मी डिजिटलवर वाचते आणि कागदी आल्यावर परत वाचते, आणि खरं सांगते दुसऱ्यांदा जास्त दिसतं. एकदा मी अंक टपालाने मागवले होते ते ऐन जुलैत भिजून आले, पानं एकमेकांना चिकटलेली, ती वाफेवर सोडवायचा प्रयत्न केला आणि शाईच निघाली. तेव्हापासून नियम केलाय की पावसाळ्यात काही मागवायचं नाही, आणि मागवलंच तर पाठवणाऱ्याला आधी सांगायचं की आतून प्लास्टिकमध्ये गुंडाळून पाठव.

जुन्या गोष्टींसाठी पानिनीची एकत्रित पुस्तकं. २००४ पासून ती निघायला लागली, पहिलं ‘द आयर्न लीजन’. घेताना एक लक्षात ठेवा, ह्या जुन्या गोष्टी अमेरिकेत रंगवूनही छापल्या गेल्यात, मार्व्हलने १९८० च्या दशकात आणि नंतर आयडीडब्ल्यू ह्या प्रकाशकाने. रंगीत आवृत्ती मिळाली तर वाचा जरूर, पण गिबन्सने किंवा जॉन रिजवेने काढताना काळ्यापांढऱ्याचाच हिशोब केला होता, कुठे गच्च काळं सोडायचं, कुठे नुसत्या रेघा, ते रंगाखाली दबतं. माझं जहाज रिजवेचं होतं, ‘व्हॉयेजर’ नावाची गोष्ट, रंगीत प्रत मी नंतर बघितली आणि ते पाणी मला ओळखूच आलं नाही. म्हणून पहिल्यांदा वाचत असाल तर काळीपांढरीच घ्या. मुख्य स्ट्रिप नियमित रंगीत झाली ती ३०० व्या अंकापासून, २००१ मध्ये, आणि तिथून पुढे रंग हा गोष्टीचाच भाग आहे, जेम्स ऑफ्रेडीसारख्या रंगकाराचं नाव त्यामुळे लेखकाइतकंच लक्षात ठेवावं असं मला वाटतं.

आणि पुस्तकाच्या मागची पानं सोडू नका. बऱ्याच पुस्तकांच्या शेवटी लेखक-चित्रकारांनी स्वतः लिहिलेल्या आठवणी आहेत. ‘द फ्लड’च्या मागे तर आठव्या डॉक्टरचं रीजनरेशन स्ट्रिपमध्येच दाखवायची परवानगी मिळत होती आणि तरी त्यांनी ते का केलं नाही ती सगळी हकीकत आहे. गोष्ट आधी पूर्ण वाचा, मगच तिकडे जा.

तिसरी पायरी: वही घाला

ही पायरी टाळू नका. एक्सेलमध्ये ठेवा, फोनच्या नोट्समध्ये ठेवा, मी दोनशे पानी वहीत ठेवते कारण मला चित्र काढून ठेवायला आवडतं. प्रत्येक भागासाठी एवढं लिहायचं: अंक क्रमांक, गोष्टीचं नाव, कितवा भाग, लेखक, पेन्सिल कुणाची, शाई कुणाची, रंग कुणाचे, अक्षरं कुणाची. मग दोन ओळीत काय झालं. आणि मग सगळ्यात महत्त्वाचं, शेवटची चौकट काय होती ती एका वाक्यात.

अंकाची तारीख लिहिताना क्रमांकावरच विश्वास ठेवा. ब्रिटिश मासिकांवर छापलेली तारीख ही दुकानात आल्याच्या तारखेच्या पुढची असते, पहिला अंक ११ ऑक्टोबरला आला आणि त्यावर तारीख १७ ऑक्टोबर १९७९ अशी होती. महिन्याच्या नावावर गेलात तर वर्षाला १३ अंक असल्यामुळे गोंधळ होणारच.

पेन्सिल म्हणजे मूळ चित्र काढणारा, शाई म्हणजे त्यावर शाईने रेघा पक्क्या करणारा; ही दोन वेगवेगळी का लिहायची असं मला विचारतात. एक प्रयोग करा. ‘एंडगेम’मधलं एक पान घ्या, पेन्सिल मार्टिन गेराटी आणि शाई रॉबिन स्मिथ, आणि त्याच्या शेजारी गेराटीचंच पण डेव्हिड रोचने शाई केलेलं नंतरचं पान ठेवा. रचना तीच, चेहरे तेच, पण सावल्या बदलतात, कपड्याच्या घड्या बदलतात, अख्ख्या पानाचं वजनच वेगळं लागतं. एकदा हा फरक डोळ्याला दिसला की मग कुठलंही कॉमिक तुम्ही पहिल्यासारखं वाचूच शकत नाही. अक्षरांचंही तसंच, रॉजर लँग्रिजने कितीतरी वर्षं ह्या स्ट्रिपची अक्षरं केलीत, तो स्वतः चित्रकारही आहे, आणि कुजबुजीचा फुगा, ओरडण्याचा फुगा, यंत्राच्या आवाजाचा फुगा हे तो असे वेगळे करतो की वाचताना कानात आवाज येतो.

चौथी पायरी: एक भाग तीनदा

अंक आला की आधी मागच्या भागाची शेवटची दोन पानं परत वाचा. सारांशावर जाऊ नका, ती दोन पानंच. मग नवा भाग न थांबता एका दमात, दहा मिनिटांपेक्षा जास्त लागत नाहीत. ह्या वेळी फक्त गोष्ट.

दुसऱ्यांदा फुगे वाचू नका. फक्त चित्रं. कुणाच्या हातात काय आहे, मागे भिंतीवर काय आहे, गर्दीत कोण उभं आहे. क्रमशः गोष्टीत लेखक पुढची चाहूल बहुतेक वेळा चित्रातच लपवतो कारण संवादात लपवली तर वाचक पकडतो.

ह्याचं उलट उदाहरणही आहे आणि ते मला फार आवडतं. १९८० मधली ‘द स्टार बीस्ट’. ब्लॅककॅसल नावाच्या पोलादाच्या कारखान्याच्या गावात शॅरन आणि फज ह्या दोन शाळकरी मुलांना एक गोड, केसाळ, मोठ्या डोळ्यांचा परग्रहवासी प्राणी सापडतो, बीप द मीप. त्याच्या मागे भयानक किड्यासारखे दिसणारे सैनिक लागलेत. मुलं बिचारी त्याला लपवतात. आणि तेव्हा गिबन्स आणि लेखक काय करतात, मीपच्या तोंडी नुसतं मीप मीप, आणि डोक्यावर विचारांचा फुगा, त्यात तो ह्या मुलांना कसं मारून टाकावं ह्याचा विचार करतोय. मुलांना दिसत नाही, आपल्याला दिसतं. आता हे वाचून एक आठवडा थांबायचं! चित्रपटात हे करता येत नाही, कादंबरीत असं करता येत नाही, विचारांचा फुगा ही कॉमिकचीच चीज आहे. ती पानं वाचताना बोट ठेवून बघा, तोंडाचा फुगा आणि डोक्याचा फुगा एकाच चौकटीत किती अंतरावर ठेवलेत.

तिसऱ्यांदा सगळं सावकाश, आणि मग वहीत नोंद.

पाचवी पायरी: मधले चार आठवडे

नोंदीच्या खाली एक रेघ मारा आणि पुढे काय होईल असं वाटतं ते लिहा. अंदाज चुकला की जास्त शिकायला मिळतं, कारण लेखकाने आपल्याला कुठे वळवलं ते परत मागे जाऊन शोधता येतं.

माझा भाचा नऊ वर्षांचा असल्यापासून माझ्याबरोबर हे करतो. मी त्याला स्ट्रिप मराठीतून वाचून दाखवायचे, म्हणजे इंग्लिश फुग्यावर बोट आणि तोंडाने मराठी, डॉक्टर त्याला ‘बाळा’ म्हणायचा आणि खलनायक ‘काय रे ए’ म्हणायचा. आमच्या पिढीने चांदोबातला विक्रम-वेताळ महिन्याला एक असा वाचला, क्रमशः ह्या शब्दाची आपल्याला सवय आहे, पण त्याच्या पिढीला एका रात्रीत अख्खा सीझन बघायची सवय, त्यामुळे पहिल्या भागाच्या शेवटी तो माझ्यावर चिडला होता. पुढचं पान लपवलंयस तू, म्हणाला. दुसऱ्या महिन्यात त्याने स्वतःची वही केली.

स्पॉयलरबद्दल थोडं. अंक इंग्लंडात आधी पोचतो, वर्गणीदारांना दुकानापेक्षाही आधी, त्यामुळे तुम्हाला वाचायला मिळेपर्यंत चर्चा होऊन गेलेली असते. आपल्या ग्रुपमध्ये साधा नियम ठेवा, अंक क्रमांक आधी लिहायचा आणि दहा ओळी सोडून मग बोलायचं, ज्याने वाचला नाही तो क्रमांक बघूनच थांबतो. आमच्याकडे बारा जण आहेत, ठाणे, नाशिक, पणजी, एक जण दुबईला, आणि ह्या नियमाने आजवर कुणाची गोष्ट फुटलेली नाही.

पुढचा परिच्छेद ज्यांना आठव्या डॉक्टरच्या गोष्टी अजून वाचायच्यात त्यांनी सोडून द्या, खरंच सोडा.

१९९८ मध्ये ‘द फायनल चॅप्टर’ ह्या गोष्टीच्या शेवटी आठवा डॉक्टर मरतो आणि रीजनरेट होतो, समोर नवाच चेहरा. तो चेहरा होता निकोलस ब्रिग्जचा, त्याने फॅन लोकांच्या ऑडिओ नाटकांत डॉक्टरचं काम केलेलं होतं. टीव्हीवर मालिकाच नव्हती, म्हणजे खोटं म्हणायलाही जागा नव्हती, हाच नववा डॉक्टर म्हणून वाचकांनी मानायचं. पुढचा अंक येईपर्यंत चार आठवडे लोक ह्या धक्क्यात. मग ‘वर्मवुड’ ह्या पुढच्या गोष्टीत कळतं की तो डॉक्टर नाहीच, तो शेड, १९८२ च्या ‘द टाइड्स ऑफ टाइम’मधलं एक पात्र, आणि खरा डॉक्टर लपून आपलं काम करत होता. आज पुस्तकात हे वाचताना मधे दोन पानं जातात. तेव्हा मधे अख्खे महिने गेले होते. तुम्ही पुस्तकातूनच वाचणार असाल तर निदान ‘द फायनल चॅप्टर’ संपल्यावर पुस्तक बंद करा आणि आठवडाभर उघडू नका.

सहावी पायरी: लांबचे धागे

ही स्ट्रिप विसरत नाही. जुनी पात्रं सोळा-सोळा वर्षांनी परत येतात. म्हणून वहीच्या मागच्या बाजूने दुसरी यादी घाला, पात्रं आणि जागांची, आणि प्रत्येकासमोर कुठल्या अंकात दिसलं ते.

त्या यादीत पहिलं नाव घाला क्रोटॉनचं. १९७९ च्या नोव्हेंबरमधल्या अंकांत मागच्या पानांवरच्या छोट्या गोष्टीत तो आला, लेखक स्टीव्ह मूर, चित्रकार स्टीव्ह डिलन. सायबरमन म्हणजे भावना काढून टाकलेली यंत्रमाणसं, पण क्रोटॉनच्या पोटात काहीतरी उरलंय, त्याला दया येते, आणि ते काय आहे हे त्यालाच कळत नाही. शेवटी तो कुणाचाच राहत नाही, एकटा अवकाशात तरंगत जातो आणि स्वतःला बंद करून घेतो. मागच्या पानांवरची छोटीशी गोष्ट. वीस वर्षांनी, २००० च्या सुमारास, ‘द ग्लोरियस डेड’मध्ये हाच क्रोटॉन सगळ्या कथेचा निकाल लावतो. ज्याने १९७९ मध्ये मागची पानं वाचली होती त्याला त्या क्षणी काय वाटलं असेल ह्याचा विचार करून मला आजही भरून येतं.

दुसरं नाव स्टॉकब्रिज. हे इंग्लिश खेडं. ‘द टाइड्स ऑफ टाइम’ तिथे सुरू होते, पाचवा डॉक्टर गावाच्या टीमकडून क्रिकेट खेळतोय, बॉलर बॉल टाकतो आणि हवेत त्या बॉलचा हातबॉम्ब होतो. आपल्याला क्रिकेट समजवायला लागत नाही त्यामुळे ते पान आपण इतरांपेक्षा जास्त एन्जॉय करतो असं माझं ठाम मत आहे. लगेचच्या गोष्टीत मॅक्सवेल एडिसन येतो, गावातला उडत्या तबकड्या शोधणारा, ज्याला सगळे येडा समजतात. पुढे १९९६ मध्ये ‘एंडगेम’ परत स्टॉकब्रिजमध्ये, मॅक्स तिथेच, आणि इझी ह्याच गावची. म्हणून माझा सल्ला असा की दुसऱ्या दरवाजाने शिरलात तरी ‘एंडगेम’च्या आधी स्टॉकब्रिजच्या ह्या दोन जुन्या गोष्टी वाचून घ्या, मग मॅक्स दिसला की ओळखीचा माणूस भेटल्यासारखं वाटतं.

फ्रोबिशर हवा असेल तर सहाव्या डॉक्टरच्या गोष्टी. रूप बदलणारा खाजगी डिटेक्टिव्ह, आणि राहतो पेंग्विनच्या रूपात. ऐकायला पोरकट वाटतं पण वाचून बघा, तो फार खरा मित्र आहे.

सातवी पायरी: टीव्ही आणि कॉमिक ह्यांचा मेळ

हा प्रश्न प्रत्येक नवीन वाचक विचारतो, कॉमिकमध्ये झालं ते खरं धरायचं का. माझं उत्तर, वाचताना धरायचं. कॉमिक, कादंबऱ्या, टीव्ही ह्यांचा सगळा हिशोब जुळवायला जाऊ नका, जुळत नाही, एकीकडे मेलेलं माणूस दुसरीकडे जिवंत असतं. वहीत शेजारी एक खूण करून पुढे जायचं.

पण जिथे धागा खरंच जुळलाय तिथे मात्र तो हाताने धरून बघा. २५ नोव्हेंबर २०२३ ला ‘द स्टार बीस्ट’ टीव्हीवर आली, डेव्हिड टेनंट डॉक्टर, रसेल टी. डेव्हिसने पॅट मिल्स आणि डेव्ह गिबन्सच्या गोष्टीवरून लिहिलेली, मीपचा आवाज मिरियम मार्गोलिसचा. १९८० चा साप्ताहिकातला प्राणी त्रेचाळीस वर्षांनी पडद्यावर. आधी कॉमिक वाचा, मग एपिसोड बघा, आणि विचारांच्या फुग्याचं टीव्हीवाल्यांनी काय केलं ते शोधा.

आणि त्याच्या आधीचं वर्ष तर हप्त्याने वाचणाऱ्यांसाठी सणच होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये टीव्हीवर तेरावी डॉक्टर गेली आणि टेनंट चौदावा म्हणून उभा राहिला, मग पडद्यावर वर्षभर काहीच नाही. मासिकाने ५८४ व्या अंकापासून ‘लिबरेशन ऑफ द डेलेक्स’ सुरू केली, ॲलन बार्न्स आणि ली सलिव्हन, थेट त्या क्षणापासून पुढे, आणि ती ५९७ व्या अंकापर्यंत चालवत २०२३ च्या एपिसोडच्या दारात आणून सोडली. चौदा अंक. ज्याला चौदावा डॉक्टर आधी भेटायचा होता त्याने मासिकच घ्यायला हवं होतं.

२०१७ चा ‘द डॉक्टर फॉल्स’ हा एपिसोड बघाल तेव्हा बारावा डॉक्टर सायबरमन कुठे कुठे जन्मले ती नावं घेतो, त्यात मरीनस येतं. सायबरमन आणि मरीनस हा संबंध ग्रँट मॉरिसनने १९८७ मध्ये लिहिलेल्या ‘द वर्ल्ड शेपर्स’ ह्या स्ट्रिपमधून आलेला आहे. अर्ध्या सेकंदात निघून जातं, कान उघडे ठेवा.

मधला अंक हुकला तर

पुढचा वाचू नका. उघडूच नका, बाजूला ठेवा. आधी डिजिटल जुना अंक मिळतो का बघा, नाहीतर ग्रुपमध्ये विचारा, कुणाकडे असतोच. अगदीच नाही मिळाला तर एकत्रित पुस्तकाची वाट बघायची. मी वर्षभर एक गोष्ट तशीच अर्धी ठेवलेली आहे आणि शेवटी ती पूर्ण वाचली तेव्हा कसलीच हळहळ राहिली नाही.

कागद जपायचा कसा

कोकण-मुंबई-गोव्याच्या हवेत हे फार मनावर घ्यायला लागतं. १९८० च्या दशकातला स्वस्त कागद आधीच पिवळा पडलेला असतो. अंक आडवे ठेवा, दहापेक्षा जास्त एकावर एक नकोत. प्रत्येक अंकाला वेगळी पिशवी आणि मागे ॲसिड-फ्री पुठ्ठा, नेहमीचा तपकिरी पुठ्ठा नको, त्याचा डाग कागदावर उतरतो. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, पावसाळ्यात दर महिन्याला बदलायच्या. कसर लागू नये म्हणून आजी पुस्तकात घालायची तसं वेखंड कापडी पुरचुंडीत बांधून डब्याच्या कोपऱ्यात ठेवा, कागदाला चिकटवून नको. डांबराच्या गोळ्या मी वापरत नाही, तो वास कागदातून वर्षानुवर्षं जात नाही. गंजलेल्या पिना नखाने किंवा चमच्याच्या टोकाने आतल्या बाजूने सरळ करून हळू काढा आणि तिथे जाड पांढरा सुती दोरा ओवा, दोन टाके पुरतात.

किंग्ज सर्कलचा तो अंक मी असाच शिवून ठेवलाय. अकरा वर्षांनी पुढचा अंक मिळाला तेव्हा तोही त्याच पिशवीत ठेवला, एकाच पुठ्ठ्यावर, पाठीला पाठ लावून. परवा भाच्याने दोन्ही बाहेर काढले, पहिला वाचला, दुसरा तसाच पिशवीत सरकवला आणि म्हणाला, मावशी, हा मी पुढच्या महिन्यात येईन तेव्हा.